रिव्हॉल्वरचं घर

होल्स्टर हातात कसं लागतं हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं, आणि ही अकराही वर्षं मी होल्स्टरच्याच फाईलवर बसून काढली. दिल्लीतल्या एका मंत्रालयात माझ्याकडे चामडी सामानाच्या खरेदीचं टेबल होतं. पट्टे, खोगिरं, नकाशाच्या पिशव्या आणि पिस्तुलाची होल्स्टरं. फाईल एवढी जाड की मे महिन्याच्या दुपारी तिच्यावर डोकं ठेवलं तर उशीची आठवण यायची नाही. तिच्यातलं स्पेसिफिकेशन मला आरतीसारखं पाठ होतं. कातडं झाडाच्या सालीत कमावलेलं, दोरा लिननचा, मेण लावलेला, टाके इंचाला आठ. प्रत्यक्ष होल्स्टर मात्र मी पाहिलं नव्हतं. वस्तू पाहिली की फाईलवरची श्रद्धा कमी होते, असं आमचे साहेब म्हणत.

मग देशाचा बाजार खुला झाला आणि आमच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये जो तो धंद्याचं बोलू लागला. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी फॅक्सचं मशीन घेतलं. त्यांना फॅक्स पाठवणारं जगात कोणी नव्हतं, म्हणून ते ऑफिसातून स्वतःच स्वतःला फॅक्स करत आणि संध्याकाळी घरी येऊन उत्सुकतेने वाचत. अशा हवेत माणूस किती दिवस शहाणा राहणार? मी दोन वर्षांची बिनपगारी रजा टाकली.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तीही केंद्र सरकारातच, क्वार्टर तिच्याच नावावर, त्यामुळे डोक्यावरचं छप्पर काही जाणार नव्हतं. तिने एकच विचारलं, की नेमकं करणार काय. मी म्हटलं, होल्स्टरं. तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

तिला वाटलं तितका हा वेडेपणा नव्हता. आम्ही नोएडात तळमजल्याचा एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. त्या काळी दिल्लीकर यमुनेपलीकडे राहायला जायचं म्हटलं की नातेवाइकांना भेटून घेत. पण तिथल्या नव्या वसाहतींच्या, म्हणजे सेक्टरांच्या खाली ज्यांची शेतं गेली होती, त्या गावांत एकदम पैसा आला होता. आणि पैसा आला की तिथला माणूस तीन गोष्टी घेई. आधी जीप, मग घराला संगमरवर, मग लायसन्सचं रिव्हॉल्वर. माझ्या डोळ्यांदेखत लोक रिव्हॉल्वर कमरेला खोचून दूध आणायला जात. आणि ती ठेवायला होतं काय, तर बाजारातलं रेक्झिनचं पाकीट, जे दोन महिन्यांत जिभेसारखं लोंबायचं. मी मनात म्हटलं, अरे, इंचाला आठ टाके यांनी पाहिलेच नाहीत.

हात मात्र माझ्याजवळ नव्हते. ते सापडले गाझियाबादला. मूळचे कानपूरचे, फौजेसाठी चाळीस वर्षं खोगिरं शिवलेले एक म्हातारे कारागीर मुलाकडे येऊन राहिले होते आणि सूनबाईंच्या टीव्हीला कंटाळले होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. ते रोज बस बदलत बदलत नोएडाला येऊ लागले. बरोबर एक पिशवी, तिच्यात आरी, कातडं कापायची रापी, दोन सुया आणि मेणाचा गोळा. एवढ्यावर त्यांनी घोडदळ उभं केलं होतं.

आमच्या फ्लॅटच्या मागच्या व्हरांड्यात कारखाना सुरू झाला. कारखाना हा माझा शब्द. बायको त्याला 'तो पसारा' म्हणे. आई गुडघ्यांमुळे क्वार्टरचा जिना नको म्हणून या तळमजल्यावर राहायला आली होती, ती त्याला काहीच म्हणत नसे. ती सरळ सूचना देई.

उस्तादांचं शिवणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अकरा वर्षांच्या नोकरीची लाज वाटली. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढायच्या, दोन्ही हातांनी खेचायचं. एक टाका तुटला तरी शेजारचा ढिला होत नाही. दोघं भाऊ भांडले तरी घर उभं राहतं, तशी गंमत. मग काठ रापीने सारखा करायचा, डिंकाचं पाणी लावायचं आणि गुळगुळीत हाडाने घोटत बसायचं, काठ काचेसारखा होईपर्यंत. उस्ताद एक काठ घोटायला एवढा वेळ घेत की मी शपथेवर सांगतो, मधल्या काळात आमच्या समोरच्या प्लॉटवर दुमजली घर उभं राहिलं.

रजेचं दीड वर्ष संपत आलं तेव्हा आमची एकूण कीर्ती होती पाच होल्स्टरं, त्यातली दोन ओळखीपाळखीत. आणि मग चौधरी आले.

चौधरी म्हणजे जवळच्या गावातलं मोठं प्रस्थ. त्यांची जमीन एवढी गेली होती की एका पूर्ण सेक्टरचे रहिवासी त्यांच्या उसाच्या शेतात झोपत होते. त्यांनी एका निवृत्त कर्नलला भागीदार घेऊन सिक्युरिटी एजन्सी काढली होती. पैसा चौधरींचा, मिशा कर्नलच्या. नव्या फॅक्टऱ्यांना आणि बँकांना गार्ड पुरवायचे होते, आणि गार्डांना होल्स्टरं. चाळीस. पण आधी चौधरींना स्वतःला एक हवं होतं. थोरल्या मुलाचं लग्न जानेवारीत होतं. मुलगा घोड्यावर चढताना बापाने हवेत बार काढायचे, अशी तिकडची पद्धत. हे होल्स्टर लग्नात शोभलं, तर चाळीसची ऑर्डर आमची.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने कॅलेंडर पाहिलं. माझी रजा एकतीस जानेवारीला संपत होती.

"चाळीस मिळाली तर राजीनामा द्या, मी अडवणार नाही," ती म्हणाली. "नाही मिळाली तर एक तारखेला डबा भरून देते, मुकाट्याने फाईलवर जायचं. आणि मग हा विषय या घरात निघणार नाही. बिल्कुल नाही."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

होल्स्टरला आकार द्यायचा म्हणजे कातडं कोमट पाण्यात भिजवून शस्त्रावरच दाबून बसवायचं आणि तसंच वाळू द्यायचं. म्हणजे रिव्हॉल्वर आमच्याकडे दिवसभर राहणार. चौधरी म्हणाले, हे शक्य नाही, बायको माहेरी ठेवीन पण हे नाही. म्हणून ऑक्टोबरातल्या एका रविवारी ते स्वतःच रिव्हॉल्वरबरोबर मुक्कामाला आले. सहाही गोळ्या काढल्या आणि ठेवायला काही दिसेना म्हणून आईने पुढे केलेल्या वाटीत ठेवल्या. उस्तादांनी रिव्हॉल्वर प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलं, त्यावर ओलं कातडं घातलं आणि अंगठ्यांनी, हाडाने, प्रसंगी कोपराने दाबत दाबत त्याला रिव्हॉल्वरचं अंग दिलं. चौधरी समोर खुर्ची टाकून, बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसावं तसे बसून होते.

दिवाळी जवळ होती. आईने त्यांना चकली दिली. ते तिला ताई म्हणाले. त्यांच्याकडे ताई म्हणजे थोरली काकू, हे आईला कुठलं माहीत. तिला वाटलं हा आपल्याला बहीण मानतोय, म्हणजे आपलं वय काही फार दिसत नाही. त्या खुशीत तिने चौधरींना इतकं खाऊ घातलं की संध्याकाळी पट्ट्याचं माप पुन्हा घ्यावं लागलं.

होल्स्टर वाळून तयार झालं. रंग दिला, काठ घोटले. राहिलं शेवटचं काम, तेल. उस्तादांनी पिशवीतून बाटली काढली. आईने विचारलं, हे कशाचं. उस्ताद सरळ माणूस, त्यांनी सांगितलं की जनावराच्या खुरातून काढतात.

आई उठून उभी राहिली. तिचं हिंदी हे मराठीच, फक्त मोठ्या आवाजात. ती म्हणाली, "ये मेरे घर में नहीं चालेगा उस्तादजी. कातडा आया, मैंने कुछ बोला? नहीं बोला. लेकिन खुर का तेल नहीं. खोबरेल है ना, वो चोपडो. खोबरेल सबको चालता है."

आणि खरंच, आमच्या घरात खोबरेल सगळ्याला चालायचं. केसांना, भाजलेल्याला, करकरणाऱ्या दाराला, शिवणयंत्राला आणि माझ्या लहानपणी कानदुखीलासुद्धा. उस्तादांनी विचार केला आणि म्हणाले, बाहेरून एक पुसट हात चालेल. आतून मात्र थेंब नाही. होल्स्टर आतून कोरडंच पाहिजे.

इथे मी शहाणपणा केला. हे मला आईवर ढकलता आलं असतं, आणि पुढची पंधरा वर्षं मी ते ढकललंही, पण आता ती नाही आणि खोटं तरी किती बोलायचं. मी कपाटातून स्पेसिफिकेशनची प्रत काढली आणि उस्तादांना वाचून दाखवली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आतील बाजूस योग्य ते तेल द्यावे. अकरा वर्षांत त्या वाक्यावर कोणी शंका घेतली नव्हती. कुणी होल्स्टरच पाहिलं नव्हतं तर शंका कोण घेणार? उस्ताद कागदाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं सरकारी माल शिवलेला माणूस तो.

"लिखा है, तो ठीक है बाबूजी," ते म्हणाले, आणि त्या दिवशी चहा न घेता बस पकडायला गेले.

मग मी आणि आईने मिळून त्या होल्स्टरला तेल पाजलं. बाळाची टाळू भरावी तसं. कोमट करून आत ओतायचं, उन्हात ठेवायचं, प्यालं की पुन्हा ओतायचं. तीन दिवसांत अर्धी बाटली गेली. आणि काय दिसायला लागलं ते! आत रिव्हॉल्वर सोडलं की सुळ्ळकन जायचं, खेचलं की लोण्यातून सुरी निघावी तसं यायचं. चौधरींनी आमच्या व्हरांड्यात वीस वेळा काढलं-घातलं. दोनदा आमच्या फ्रिजवर नेम धरला. मग गोळ्या भरून रिव्हॉल्वर आत सोडलं, तसंच पेटीत ठेवून घेऊन गेले आणि लग्नापर्यंत ते बांधायचं नाही असं ठरवलं. नवं कापड दिवाळीच्या आधी कोण घालतं?

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुम्ही मला मूर्ख म्हणाल, आणि म्हणा. दिल्लीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात डिसेंबर उजाडला की एक काम वाढतं. खोबरेलाची बाटली गच्चीत उन्हात नेऊन ठेवायची. कारण ती आतून पांढरी दगड झालेली असते. मी जन्मापासून दिल्लीत. ती बाटली उन्हात ठेवण्याचं काम माझ्याकडे सातव्या वर्षापासून. त्या डिसेंबरातही रोज सकाळी मी ती बाटली हातात घेऊन बाहेर जात होतो, ऊन सापडलं नाही तर काखेत धरून वितळवत होतो, आणि त्याच तोंडाने उस्तादांशी चाळीस होल्स्टरांच्या कातड्याबद्दल बोलत होतो. डोक्यात एकदाही प्रकाश पडला नाही.

लग्नाचा दिवस आला तेव्हा नऊ दिवस सूर्य दिसला नव्हता. धुकं असं की दुपारी तीन वाजता आम्ही चौधरींच्या घरी पोचलो ते बँडच्या आवाजाच्या रोखाने. मी, आई आणि उस्ताद. बायको आली नाही. म्हणाली, निकाल कळवा. नवरामुलगा सजून उभा, घोडी सजून उभी, दोघंही गारठलेली. बाजूला कर्नल, मिशांवर दवाचे थेंब. चौधरींनी रेशमी शेरवानीवरून आमचं होल्स्टर बांधलं होतं, आणि गर्दीतले लोक नवऱ्यामुलाला सोडून तेच बघत होते. एकाने तर जवळ जाऊन काठावरून बोट फिरवलं. मी उस्तादांना कोपराने ढोसलं. उस्तादांनी नाक वर करून हवा हुंगली. मग मलाही आला, खोबरेलाचा वास, सबंध अंगणात.

मुलाने रिकिबीत पाय ठेवला. बँडने सूर चढवला. चौधरींनी बायकांकडे एकवार पाहिलं, हात कमरेवर नेला आणि खेचलं.

काही झालं नाही.

पुन्हा खेचलं. चौधरी एका बाजूला वाकले, बाकी काही झालं नाही. आत रिव्हॉल्वरभोवती खोबरेल गोठून बसलं होतं, धुक्याने कातडं फुगलं होतं, आणि उस्तादांचा साचा इतका अंगासरशी की आत वाऱ्यालाही जागा नव्हती. मेहुणे पुढे आले. त्यांनी मूठ धरून खेचली. मग दोन पुतणे आले, पैलवान दोघंही. एकाने रिव्हॉल्वर धरलं, दुसऱ्याने चौधरींना धरलं, आणि दोघांनी विरुद्ध दिशांना जोर लावला. चाप कातड्याच्या आत झाकलेला होता हे नशीब. चौधरी जमिनीपासून वर उचलले गेले. मी चार बोटं म्हणतो, उस्ताद एक बोट म्हणतात. मधलं धरा. बँडवाले वाजवत होते, कारण थांबा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घोडी मात्र वाट बघून कंटाळली आणि नवऱ्यामुलाला घेऊन आपली चालू लागली. तिच्यामागे वरात गेली. बार निघालेच नाहीत.

माझ्या डोळ्यांपुढे डबा आला. चार कप्प्यांचा, वरच्या कप्प्यात लोणचं.

मग कर्नलने ताबा घेतला. सगळ्यांना मागे सारलं, नळीचं टोक जमिनीकडे राहील असं होल्स्टर धरलं आणि विचारलं की हे बनवणारे कोण. मी पुढे झालो आणि उकळत्या पाण्यात बुडवू या म्हणालो. उस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच विरघळलो, खोबरेल मात्र नाही. सुचलं ते आईला. घरातल्या बायकांना सजवायला पार्लरची मुलगी आली होती, तिच्याकडे केस वाळवायचं मशीन होतं.

तर आता डोळ्यांसमोर आणा. आतली खोली, आरसा, टिकल्या, पिना. स्टुलावर चौधरी, शेरवानी वर धरून. शेजारी गुडघ्यावर बसलेली पार्लरची मुलगी, त्यांच्या कमरेवर गरम वारा सोडतेय. दारात चौधरींच्या घरच्या एकवीस बायका तोंडात पदर धरून. आई उभी राहून सांगतेय, "थोडा नीचे से. हां. अब बाजू से." संगमरवरी फरशीवर खोबरेलाची धार लागली. आणि वीसेक मिनिटांनी रिव्हॉल्वर आपोआप, सुळ्ळकन, कर्नलच्या हातात आलं. चौधराइनींनी, म्हणजे चौधरींच्या पत्नींनी, तेवढ्यात हात जोडून वर बघितलं. मागच्या वर्षी याच गावात अशा लग्नात एका पाहुण्याच्या खांद्यात गोळी गेली होती, हे मला नंतर कळलं.

चौधरींनी शेरवानी खाली सोडली आणि जीपमधून वरातीच्या मागे गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी आईचा हात धरला आणि निघालो.

"रुकिए," कर्नल म्हणाले.

ते खिडकीशी होल्स्टर घेऊन उभे होते. आधी त्यांनी ते उलटसुलट केलं. मग दोन्ही अंगठे शिवणीत घालून ताणलं. मग चष्मा लावला आणि नखाने एकेक टाका मोजत गेले. दोन पैलवान आणि एक चौधरी, एवढं वजन त्या शिवणीने पेललं होतं, आणि एक टाका हलला नव्हता. पट्ट्याची पकड जिथल्या तिथे होती.

"ये सिलाई किसकी है?"

"मेरी, साहब," उस्ताद म्हणाले. "इंच में आठ."

"और ये तेल?"

उस्ताद छताकडे बघू लागले. चाळीस वर्षं सरकारी माल शिवलेल्या माणसाला कधी बोलायचं नाही हे बरोबर कळतं. आई पुढे होऊन म्हणणार होती की मी दिलं, तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग मलाच म्हणावं लागलं, की तेल माझं, साहेब. चूक माझी. यांनी नको म्हटलं होतं.

कर्नलने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. गार्डाच्या कमरेवरचं शस्त्र बँकेच्या गर्दीत कुणी हिसकलं तर होल्स्टर फाटता कामा नये, एवढंच त्यांना पाहिजे होतं, आणि तेवढं त्यांनी आत्ताच, कुठल्याही परीक्षेत झालं नसतं इतक्या चांगल्या रीतीने पाहिलं होतं. चौधरींना मी बघतो, ते म्हणाले.

"चालीस पीस. सिलाई यही. तेल के पास आप नहीं जाएँगे."

घरी येताना कोपऱ्यावरच्या बूथवरून बायकोला ऑफिसात फोन लावला. मी सांगायला सुरुवात केली, धुकं कसं, घोडी कशी, चौधरी हातभर वर कसे उचलले गेले.

"किती?" तिने मध्येच विचारलं.

"हातभर नाही, पण चार बोटं तर नक्की."

"ऑर्डर किती, विचारतेय."

"चाळीस."

पलीकडे बराच वेळ टाइपरायटरचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, राजीनामा तुम्ही लिहू नका, तुम्ही लिहिलात तर त्यात घोडी येईल. संध्याकाळी ती घरी आली ती दोन ओळींचा राजीनामा टाइप करूनच. मी तो दोनदा वाचला. एकही शब्द वाढवायला जागा नव्हती. तिने पेन पुढे केलं आणि मी सही केली.